पहिल्या पाच शर्यतींचा हिरामण

हिरामण दर वर्षी फक्त पहिल्या पाच-सहा शर्यती बघायचा. फॉर्म्युला वन मोटार-शर्यतींचा हंगाम तेव्हा मार्चमध्ये सुरू व्हायचा आणि ऑक्टोबरात संपायचा. हिरामण पेठ तालुक्यातला. दिवाळीनंतर तो नाशकात कामाला यायचा आणि मेच्या शेवटी भात आणि नागली, म्हणजे नाचणी, लावायला घरी जायचा. त्याच्या पाड्यावर पेपर येत नव्हता.

गंगापूर रोडवर वेणीमाधवकाकांचं टायरचं दुकान होतं. काका पंचवटीतल्या उपाध्यायांच्या घरातले. पूजा भावांकडे ठेवून त्यांनी टायर घेतले होते. हिरामण तिथे चाकं उतरवायचा, बॅलन्सिंग करायचा. मी समोर राहायचो. शर्यतीनंतरच्या सोमवारी आमचा इंग्रजी पेपर घेऊन मी दुकानात जायचो. निकाल मी वाचायचो. फोटो तो वाचायचा.

टायरवरून फिरवावा तसा तो कागदावरून अंगठा फिरवायचा. "ही गाडी वळत नाय, तनयभाऊ. ढकलली जाते. पुढचा टायर बघ, कसा खरवडलाय." हे तो जिंकलेल्या गाडीबद्दलही बोलायचा.

सुरुवातीच्या निकालांवर त्याचा विश्वास नव्हता. राबात रोप हिरवंच असतं, असं म्हणायचा. राब म्हणजे जमीन भाजून केलेली रोपांची जागा. तिथून रोप उपटून चिखलात लावतात, ती आवणी. आवणीनंतर चार-आठ दिवस रोप मान टाकतं. मग जे उभं राहतं, ते पीक.

दिवाळीनंतर परत आला की मला बोलू द्यायचा नाही. आधी स्वतःचा हंगाम सांगायचा. चिखलात वाकल्या वाकल्या त्याने उरलेल्या सगळ्या शर्यती मनात चालवलेल्या असायच्या. कोण कितव्या फेरीला टायर बदलायला आत आला, कोणाचा टायर कुठे गेला. त्याच्या शर्यतींत पाऊस फार असायचा. सगळं सांगून झालं की डोळे मिटून म्हणायचा, आता खरं सांग. मी सांगायचो. चुकलं की हसायचा. मला मात्र पेपरातला हंगाम उसना वाटायला लागायचा.

दोन हजार तीनच्या मार्चमध्ये काकांनी त्याला विचारलं. पावसाळ्यात गिऱ्हाईक वाढतं. यंदा थांबलास तर कायमचा ठेवतो, गेलास तर दुसरा माणूस बघतो. नागली काय, मी बाजारातून आणून देतो, असंही म्हणाले. पाड्यावर हिरामणची बायको कुसाबाई होती आणि जमिनीचे तीन तुकडे होते. मेपर्यंत बघू, एवढंच तो बोलला.

त्या वर्षी फेरारीवाले गेल्या वर्षीचीच लाल गाडी चालवत होते. नवी अजून उतरवली नव्हती. पहिल्या तीन शर्यती हातच्या गेल्या. पहिल्या दोन मॅक्लारेन संघाने नेल्या. दुकानात सगळे म्हणाले, लाल गाडी संपली. हिरामणला पटलं नाही. ते घाई करत नाहीत, म्हणाला. शेवटी तेच जिंकतील. चौथी शर्यत लाल गाडीने जिंकली, तीही जुन्याच. त्या सोमवारी तो दिवसभर खुशीत होता. खात्रीची वस्तू सोडायची नसते, असं त्याने मला दोनदा सांगितलं. आपण घरी जाणार, हे त्याने त्याच दिवशी ठरवलं असावं.

पाचव्या शर्यतीत नवी गाडी उतरणार होती.

"मान टाकेल," हिरामण म्हणाला. मग काकांकडे वळून, सगळ्यांसमोर, "पहिल्याच दिवशी जिंकली तर मी थांबतो."

रविवारी संध्याकाळी तो आमच्याकडे टीव्ही बघायला आला. नवी गाडी जिंकली. हिरामण उठला, तांब्याने पाणी प्याला आणि दारात उभा राहिला.

"गाडीला मुळं नसतात," तो म्हणाला. "ते मी विसरलो."

शब्द दिला होता, म्हणून तो थांबला. पेठच्या एसटीने जाणाऱ्या एका माणसाबरोबर कुसाबाईला निरोप गेला.

पहिल्यांदाच त्याने अख्खा हंगाम बघितला. मत मात्र देईनासा झाला. जुलैत इंग्लंडमधल्या शर्यतीत एक माणूस धावत थेट ट्रॅकवर आला. आमच्या घरात सगळे उभे राहिले. हिरामण खिडकीकडे बघत बसला होता. बाहेर पाऊस होता. त्याचा अंगठा चटईवर टेकत होता. टेकायचा, वीतभर सरकायचा, पुन्हा टेकायचा. ते रोप लावणं होतं, हे मला उशिरा कळलं.

ऑक्टोबरात लाल गाडीवाला दोन गुणांनी विजेता ठरला. तू एप्रिलमध्येच सांगितलं होतंस, मी म्हणालो. "हो का," तो म्हणाला. शेवटची शर्यत त्याने माझ्या शेजारी बसून बघितली होती.

दिवाळीनंतर कुसाबाई आली. नागलीचं गाठोडं तिने दुकानाच्या बाकावर ठेवलं. ती काही बोलणार, तर हिरामणने हात वर केला.

"थांब. आधी मी सांगतो."

आणि तो सांगू लागला. वरचा तुकडा आधी लावला. पाचव्या दिवशी ओढ्याकडचा बांध फुटला. रोप वाहून गेलं, पुन्हा राबातून आणलं. भात उशिरा पोटरीत आलं, लोंबी उशिरा सुटली. काका गिऱ्हाईक सोडून ऐकत होते. मी हातातला पेपर घडी करून ठेवला. सगळं सांगून हिरामणने डोळे मिटले.

"आता खरं सांग."

"खालचा आधी लावला," कुसाबाई म्हणाली. "बांध नाय फुटला. आखाजीलाच, पावसाच्या आधी, मी दगड घातले होते. तुझ्या मनात लय पाऊस पडला. तिकडं तेवढा पडलाच नाय."

तो हसला नाही. डोळेही उघडले नाहीत. कुसाबाईने गाठोडं सोडून मूठभर नागली त्याच्या तळहातावर ठेवली. तो त्या दाण्यांवरून अंगठा फिरवत राहिला.

पुढच्या मार्चमध्ये पहिल्या शर्यतीचा पेपर घेऊन गेलो. लाल गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या. हिरामणने फोटो उजेडात धरला. टायर चांगला झिजलाय, सारखा, म्हणाला. काका आतल्या बाजूला जूनपासून येणाऱ्या नव्या माणसाशी बोलत होते.

हिरामणने पेपर नीट घडी करून माझ्या हातात दिला.

"मेपर्यंत वाच," तो म्हणाला. "बाकीचं दिवाळीला सांग."