पुण्याचं स्वस्त विमान

"तिकीट स्वस्त हाय, मान्य हाय. पन माणसाले सामान समजून राह्यले ना, सर." पुण्याहून परतले की भाऊ माझ्या व्हरांड्यात उभ्यानेच हे सांगायचे. मग बसायचे. मग चहा.

असा एखादा विमानप्रवासी तुमच्याही ओळखीचा असेल. आमचे भाऊ एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. समुद्रपूर ते वर्धा या रस्त्यावर त्यांची नोकरी सरली. पुण्याला असलेली लेक सणावाराला त्यांना नागपूरहून विमानाचं तिकीट काढून द्यायची. इतक्या कमी भाड्यात ट्रॅव्हल्सवालाही नेत नाही, हे तेच सांगायचे आणि लगेच तक्रारींना लागायचे. पाणी विकत. खिडकी विकत. गुडघे समोरच्याच्या पाठीत. आणि उशीर का झाला, ते कुणी सांगत नाही.

"आमची गाडी बंद पडली तं मी खाली उतरून सांगत होतो, का बॉ पट्टा तुटला, टाइम लागते. लोक शिव्या देत, पन बसून राहत."

मी ऐकत असे. कॉलेजच्या ग्रंथालयात आयुष्य गेल्याने गप्प बसायची सवय होतीच, पण आत काहीतरी जळायचं. माझा मुलगाही पुण्यातच आहे. फोनवर म्हणतो, "बाबा, या वयात कशाला दगदग?" विमानाबद्दल कुरकुर करायची तर आधी कुणीतरी बोलवायला हवं.

एकदा विमानात एक आई पुढे आणि तिचं लेकरू पार मागच्या रांगेत. शेजारच्या जागेचे जास्तीचे पैसे तिने भरले नव्हते. भाऊ उठले आणि "चाला, सरका जरा, लेकराच्या मायले जागा द्या," म्हणत माणसं उठवू लागले. विमान हलायला लागलं होतं. हवाई सुंदरीने त्यांना दटावून खाली बसवलं.

"जिंदगीभर लोकायले मी बसवलं, अन् थे पोरगी मले बसवून राह्यली."

"मग?"

"मंग काय, बसलो. पन लेकरू मायजवळच गेलं."

हसता हसता त्यांनी विचारलं, "सर, तुमी काऊन नाई जात पुण्याले?"

"मला विमानाची भीती वाटते," मी म्हणालो.

भाऊंचा चेहरा उतरला. आपल्या तक्रारींनीच सर घाबरले, असं त्यांच्या मनाने घेतलं. तेव्हापासून माझ्या व्हरांड्यात विमान वेळेवर सुटू लागलं. पाय मोकळे राहू लागले. त्याच प्रवासाचं रडगाणं स्टँडवरच्या पानठेल्यावर मात्र सगळ्यांना ऐकू यायचं. मला म्हणायचे, "एकडाव माह्यासंग चाला. मी हात धरून बसतो." ते मला जास्तच लागायचं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी चहा पिता पिता भाऊ गेले. लेक मिळेल त्या विमानाने निघाली. विमानाला उशीर झाला, मग आणखी उशीर. दिवस बुडायच्या आत न्यायचं होतं. अंगणातली माणसं पुन्हा पुन्हा उन्हाकडे पाहत होती.

"किती वेळ ठेवता? पुतण्या हाय ना अग्नी द्याले," कुणीतरी म्हणालं.

"लेक येऊन राह्यली, तं थांबाच लागते," शेजारच्या म्हातारीने त्याला गप्प केलं.

मग सगळे मिळून विमान कंपनीला शिव्या देऊ लागले. मी भाऊंच्या पायाशी बसून होतो. माझ्या वेळी ही माणसं कुणासाठी थांबतील, एवढंच मनात येत होतं.

ऊन छपरावरून उतरता उतरता नागपूरची टॅक्सी गल्लीच्या तोंडाशी थांबली. बसलेली माणसं एकदम उठून बाजूला झाली. मीही उठलो. भाऊंचा इतका हेवा मला त्यांच्या जिवंतपणी कधी वाटला नव्हता.