सात ते आठ, बोलणं बंद

मल्लूअण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी राजारामपुरीत चहाच्या गाडीवर कोडोलीच्या म्हशीची गोष्ट सांगत होतो. गोष्ट खरी आहे, निदान म्हैस तरी खरी आहे. ती एस्टीत चढली, खिडकीजवळची जागा धरली आणि कंडक्टर तिच्यापुढं पंच वाजवत उभा राहिला, इथवर आलो होतो आणि खिशातला मोबाइल वाजला. गिरिजावहिनी होत्या, अण्णांच्या पत्नी. "भावजी, हे गेले ओ..." एवढंच. मी फोन कानाला धरून तसाच उभा. गाडीभोवतीच्या मंडळींना वाटलं, आता हा मुद्दाम ताणतोय. "आरं, सांग की फुडं! तिकीट काढलं का न्हाय म्हशीनं?" कुणीतरी ओरडलं. जन्मात पहिल्यांदा गोष्ट अर्धी टाकून मी चालू लागलो.

अण्णांचा टायपिंगचा क्लास तिथून जवळच, पहिल्या मजल्यावर. नव्वदच्या दशकात कोल्हापुरात ज्याला ज्याला कारकून व्हायचं होतं, त्यानं तो जिना चढलेला आहे. बॅच सुरू झाली की असा कडकडाट व्हायचा की खालच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना पेशंटच्या छातीत काय वाजतंय आणि वर काय वाजतंय याचा पत्ता लागायचा नाही. त्या गदारोळात अण्णा शांत बसलेले. कपाळाला विभूती, अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोंडातून शब्द नाही. सीमेकडच्या गावचे लिंगायत, घरात कानडी आणि धंद्यात मराठी. मला 'तम्मा' म्हणायचे, म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. हा माणूस कथा लिहितो आणि त्या दिवाळी अंकांत छापून येतात, हे चहाच्या गाडीवर कुणालाच ठाऊक नव्हतं. अण्णा सांगतील तेव्हा ना! उलट मी कादंबरी लिहिणार आहे हे आजऱ्यापासून कोडोलीपर्यंत प्रत्येक गावाला ठाऊक होतं, कारण पशुखाद्य विकायला मी त्या सगळ्या गावांतून फिरायचो आणि पोत्यामागं एक गोष्ट फुकट द्यायचो.

एके दिवशी गाडीवर कप खाली ठेवत अण्णांनी विचारलं, "तम्मा, ह्यातलं एक तरी पान लिवलंयस का?"

"स्फूर्ती याय पायजे की, अण्णा."

"एस्टी याय पायजे म्हणून स्टँडवर जाऊन बसतोस का न्हाय? का घरात लोळत हात करतोस? उद्या सातला वर ये."

क्लास आठला उघडायचा. सात ते आठ हा अण्णांचा स्वतःचा तास. कोपऱ्यातल्या मराठी मशीनवर ते बसायचे आणि मला समोरच्या खुर्चीत बसवायचे. खुर्ची सोडायची नाही आणि बोलायचं नाही, दोनच अटी. लिहिलंच पाहिजे अशी सक्ती नव्हती. "न्हाय सुचलं तर बसून ऱ्हा. पर दुसरं कायबी करायचं न्हाय." ऐकायला सोपं वाटतं. मी सांगतो, येरवड्याचे कैदीसुद्धा माझी ती खुर्ची बघून जेलरला नमस्कार करून परत कोठडीत गेले असते. अण्णा चार ओळी बडवायचे, भिंतीकडं बघायचे, मग त्यातल्या दोन खोडायचे. माझा कागद मात्र लग्नातल्या नव्या चादरीसारखा कोरा. असे बरेच आठवडे गेले. मी मनात ठरवून टाकलं होतं की आपल्यात नाहीच ते.

माझं कुठं अडतंय ते अण्णांनी हुडकलं. एका सकाळी ते मुद्दाम लवकर येऊन गाडीशी माझ्या पाठीमागं उभे राहिले. मी आजऱ्याच्या पावण्याची गोष्ट सांगत होतो. मुलगी बघायला आलेला आणि बोलणी संपेपर्यंत काजूचं अख्खं पोतं रिकामं करून गेलेला. लोक हसून हसून बाकावरून पडायचे बाकी होते. मग आम्ही वर गेलो, आणि तास संपला तरी माझा कागद कोराच.

"खाली सगळं सांडून येतोस, मग वर काय उरंल?" अण्णा म्हणाले. "लोक हसले, तुझं पोट भरलं. आता ही गोष्ट लिवून हुईस्तोवर कुणाला सांगायची न्हाय. बायकोला बी न्हाय."

पुढचे दिवस कसे काढले ते मलाच माहीत. गोष्ट घशापर्यंत यायची आणि मी चहाबरोबर गिळायचो. माझी बायको घाबरली. नवरा जेवताना गप्प, झोपताना गप्प. तिनं मला धरून त्या खालच्याच दवाखान्यात नेलं. "डॉक्टर, ह्यांचं कायतरी बिघडलंय. बोलंना झालेत." डॉक्टरांनी जीभ बघितली, नाडी बघितली आणि तिला म्हणाले, "वहिनी, आसंच राहिलं तर तुमचं नशीब." पण खरं सांगतो, त्या कोंडलेल्या अवस्थेत पावण्याला वास यायला लागला, त्याच्या सदऱ्याला ठिगळ दिसायला लागलं. तो एवढे काजू का खातोय हेही कळलं... घरातून उपाशी निघाला होता बिचारा, आणि तसं म्हणता येत नव्हतं. गाडीवर इतक्या वेळा सांगितली होती ही गोष्ट. माणूस उपाशी आहे हे एकदाही लक्षात आलं नव्हतं. गोष्ट लिहून झाली, छापूनही आली. अण्णांनी वाचली, 'पोतं' या शब्दावर बोट ठेवलं आणि ते तसंच ठेवून माझ्याकडं बघत राहिले. बोलणं बंदच. मी पोत्याची पिशवी केली. पण ते मनातल्या मनात. अंक छापून झालेला होता.

अण्णांची स्वतःची कादंबरी या सगळ्या काळात चालूच होती. त्यांच्या आईवरची, म्हणजे अव्वावरची. नवरा गेल्यावर या बाईनं आठवडी बाजारात कापड विकायला पाल टाकलं आणि पोरं वाढवली. हिशेब मराठीत, भांडण कानडीत. दरम्यान कॉम्प्युटर आले, बॅचा ओसरल्या, जिना सुना झाला. अण्णा सातला यायचेच. पुस्तकाचा शेवटचा टप्पा तेवढा राहिला होता आणि अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. वाचा शाबूत राहिली, पण लिहिणं थांबलं. भेटायला गेलो की ते त्या हाताकडं असं बघायचे, जसं कामावर न येणाऱ्या माणसाकडं मालक बघतो. अव्वाचं पुस्तक अर्धं राहणार, ही एकच भीती त्यांना होती; मरणाची नव्हती.

मी म्हणालो, "तुम्ही सांगा. मशीन मी बडवतो."

"सांगितली की जाती गोष्ट. माहीत हाय की तुला."

"जाती, पण वाऱ्यावर. मी हाय की हितं, समोर बसलेला."

अण्णांनी अट घातली, "मधी बोलायचं न्हाय."

रोज सातला मी त्यांना धरून क्लासचा जिना चढवू लागलो आणि उलटी गंगा सुरू झाली. कोल्हापूर जिल्ह्यातला सगळ्यात गप्प माणूस बोलत होता आणि सगळ्यात तोंडाळ माणूस गप्प बसून टाइप करत होता. अर्थात माझी बोटं काही गप्प बसणारी नव्हती. वाऱ्यात अव्वाचं पाल उडालं असं अण्णांनी सांगितलं, मी ते बेळगावपर्यंत नेलं. अण्णा पान मांडीवर घेऊन वाचायचे आणि नेमकं बेळगाववर डाव्या हाताचं बोट ठेवायचे. एकदा मी अव्वाला रडवलं. अण्णांचं बोट त्या ओळीवर एवढ्या जोरात आलं की कागद फाटला. "अव्वा रडली न्हाय. बाजारात न्हाय, घरात न्हाय. पूस."

एका पानावर मात्र निराळंच घडलं. बाजार संपवून अव्वा एकटी अंधारात घरी यायची, एवढंच अण्णांनी सांगितलं होतं. मी माझ्या पदरचं घातलं: कापड मोजायचा लोखंडी गज ती गाठोड्यात बांधायची नाही, हातात धरून चालायची. अण्णांनी वाचलं. बोट उचललं, ओळीपर्यंत आणलं आणि तसंच हवेत ठेवलं.

"हे कुणी सांगितलं तुला?"

"कुणी न्हाय. मीच घातलंय. पुसू?"

त्यांनी बोट मागं घेतलं. खाली रिक्षावाल्यांची भांडणं चालली होती. "आम्ही पोरं दारात बसून वाट बघायचो... तिच्या हातात काय असायचं हे कधी बघितलंच न्हाय मी," ते म्हणाले. "असंल. गजच असंल. ऱ्हाऊ दे."

शेवटचं प्रकरण राहिलं होतं, अव्वानं पाल कायमचं मोडलं त्या दिवसाचं. "ते उद्या," असं म्हणून त्यांनी डोळे मिटले होते. दुसऱ्या दिवशी वहिनींचा तो फोन आला. समाधीला माती देऊन आल्यावर काही दिवस मी कुठंच गेलो नाही. गाडीवरही नाही. मग एका सकाळी वहिनींकडून क्लासची किल्ली मागून घेतली. ती देताना त्या म्हणाल्या, "भावजी, मशीनला तेल घाला, हाताला जड लागतंय म्हणायचे."

शेवट अण्णांनी सांगितलेलाच नव्हता. समोर बोलणारंही कुणी नव्हतं. बसून राहिलो. रोज बसून राहिलो. काल शेवटचं पान मशीनमधून काढलं. अव्वाला रडवलेलं नाही. तिनं गाठोडं बांधलं, बांबू सोडले, ओझं डोक्यावर घेतलं. आणि ती निघाली तेव्हा अख्खा बाजार सौदे टाकून उभा राहिला, तिला वाट करून दिली, असं लिहिलंय. तेवढं काही झालं नसणार. भाजीवाल्या बाईनं फार तर मान वर केली असेल. मलाही कळतंय की ही ओळ जास्त झाली. पण मी ती काढणार नाही. अण्णांना पटत नसेल तर त्यांनी यावं आणि बोट ठेवावं. सात ते आठ मी तिथंच बसलेला असतो.