कॉम्प्रेसरचा आवाज

एसी लावला की आमच्या जुन्या गाडीत खडखड व्हायची. दवाखान्यातून परतताना मी गॅरेजकडे वळलो. मागे माझी बायको सुमन उशीला टेकून बसली होती.

मेकॅनिकने एसी दोनदा चालू-बंद करायला लावला. "बंद केल्यावर आवाज थांबतोय, म्हणजे पुलीचं बेअरिंग नाही. कॉम्प्रेसर आतून झिजलाय. धातूचा चुरा पाइपांतून सगळीकडे पसरलाय."

'पसरलाय' हे आम्ही तासाभरापूर्वीच डॉक्टरांकडून ऐकलं होतं. आवाज कानावर येईपर्यंत आत किती काय होऊन गेलेलं असतं.

"गाडी आठवडाभर ठेवावी लागेल," तो म्हणाला.

"कसं जमेल? मंगळवारी हिची केमो आहे."

"राहू द्या गाडी," सुमन मागून शांतपणे म्हणाली. "मला आता तिथं जायचं नाही."

मी इंजिन बंद केलं. मग किल्ली त्याच्या हातात दिली.