उम्म अल कुवैनच्या खाडीत: पिसाचं आमिष आणि सोडून दिलेला मासा

"अब्बा, आर यू फ्री धिस सॅटर्डे?"

झोयानं हे विचारलं तेव्हा मी जेवत होतो. घास हातातच राहिला. माझी अठरा वर्षांची लेक गेले सहा महिने माझ्याशी थेट बोलत नव्हती. सगळे निरोप तिच्या आईमार्फत, म्हणजे नसीममार्फत, आणि तेही एकाच टेबलावरून. चूक माझीच होती. जूनमध्ये तिला कॅनडाच्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि चार पाहुण्यांसमोर मी बोलून गेलो, "हिला इथं अंडं उकडता येत नाही, तिथं काय दिवे लावणार!" पाहुणे हसले, ती आत निघून गेली. आता जानेवारीत ती जाणार होती. तिथवर सोडायला येऊ का, असं मी विचारलं होतं. नसीमनं उत्तर आणलं, "ती म्हणते, आय विल मॅनेज." जाण्याआधी तिनं एकदा तरी मला "या" म्हणावं, एवढीच माझी इच्छा होती. बाकी तिचं सगळं मला कबूल झालं होतं.

शनिवारी माझं एका व्हिलात एसी डक्टचं काम ठरलेलं होतं. मी म्हटलं, "एकदम फ्री." तिला ड्रायव्हर हवा होता हे मला कळत होतं, पण ड्रायव्हर तर ड्रायव्हर.

जायचं होतं उम्म अल कुवैनच्या खाडीवर, फ्लाय फिशिंगला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कारण मलाही माहीत नव्हतं. यात कोळंबी नाही, गांडूळ नाही. पिसं, दोरा आणि चमकी गळाला गुंडाळून खोटा मासा करायचा. त्याला वजन नसतंच. वजन असतं दोरीला, आणि ती दोरी डोक्यावरून मागे-पुढे झुलवत लांब टाकायची. झोयाच्या कॉलेजजवळ समुद्राएवढं तळं आहे. त्या तळ्यातून स्टीलहेड नावाचा मासा थंडी-वसंतात ओढ्यांमध्ये चढतो, आणि तीन वर्षं ही मुलगी फोनवर त्याचेच व्हिडिओ बघत होती. इथं स्टीलहेड कुठला मिळायला! म्हणून सराव क्वीनफिशवर. आमच्या रत्नागिरीकडच्या डागोळीच्याच जातीचा तो. लहान मुलांच्या ट्यूशन घेऊन जमवलेल्या पैशांतून तिनं जुनी काठी घेतली, साडेचारशे दिरहमला. "म्हणजे दहा हजार रुपयांच्या वर!" मी गाडीत मोठ्यानं हिशेब केला, आणि ती खिडकीबाहेर बघायला लागली. ही माझी दिवसातली पहिली चूक.

आम्ही राहतो त्या अजमानहून अर्ध्या तासाचा रस्ता. पहाटे निघा, ट्रॅफिक नसतो. मासेमारीचा परवाना आधी काढा, आणि कुठे गळ टाकायला परवानगी आहे ते विचारून घ्या, नियम बदलत असतात. पाण्यात जुने बूट घाला आणि पाय घासत चाला. वाळूत पाकट पसरलेली असते, तिच्यावर पाय पडला तर सहल तिथंच खलास. हे मी झोयाला सांगितलं आणि तिनं ऐकलंही. भरतीचं वेळापत्रक तिच्या फोनवर होतं. मी वर चंद्राकडे बघून म्हटलं, "आज उधाण नाही, भांगाची भरती आहे. पाणी हळू चढेल." तिनं फोन बघितला, मग माझ्याकडे बघितलं. फोन खिशात ठेवून दिला.

माझं बालपण खाडीतच गेलं आहे. त्यामुळे तिवरांच्या मुळांतून सुळसुळणारं पाणी, चिखलाचा तो वास, लांब उभे फ्लेमिंगो हे सगळं बघून माझा ऊर भरून आला. मी सोबत बर्फाची पेटी आणली होती, आणि पेटीत मीठ, हळद, तिखट आणि लिंबं. झोयानं पेटी बघितली होती, पण ती माझ्या थंड पाण्यासाठी आहे असं तिला वाटलं. मासे धरायचे आणि सोडून द्यायचे, असं तिनं ठरवलं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी विचारलंच नाही. कोकणातला माणूस असलं कधी विचारतो का?

नऊच्या सुमारास तिच्या दोरीला झटका बसला. तिनं स्वतः बांधलेला पिवळा-पांढरा गळ होता. "अब्बा! अब्बा!" सहा महिन्यांनी ही हाक कानावर आली. मासा चांदीसारखा उडाला, दोरी सूं करत गेली. पोरीनं काठी सोडली नाही. दहा मिनिटांनी मासा तिच्या गुडघ्याशी आला आणि तिनं हात पुढे केला.

मासा जवळ आला की माझे हात मला विचारत नाहीत. शिवाय क्वीनफिशच्या पाठीवर विषारी काटे असतात, त्यांचा डंख वाईट. तिचा हात तिकडे जाताना दिसला आणि मी मध्ये पडलो. अंगठा कल्ल्यात, मान मागे, कट. आमच्याकडे अशीच मोडतात. दुसऱ्या मिनिटाला मासा बर्फात होता आणि मी कौतुकानं म्हणालो, "दोन किलोला मरण नाही!"

झोया तशीच उभी होती, हात ओले, रिकामे.

"यू डिडन्ट इव्हन आस्क," ती म्हणाली. "मला त्याला फक्त एकदा धरायचं होतं."

दुसरं वाक्य मराठीत बोलली, म्हणून जास्त लागलं. ती किनाऱ्याकडे चालत गेली, पाय न घासता. मी मागून "पाकट, पाकट" करत गेलो.

दुसऱ्या सकाळची भरती हवी म्हणून तिनं जवळच्या साध्या मोटेलात दोन छोट्या खोल्या घेऊन ठेवल्या होत्या. दुपारभर तिचं दार बंद. संध्याकाळी कोपऱ्यावरच्या कॅफेटेरियातून मी करक, म्हणजे इथला कडक दुधाचा चहा, आणि परोटे आणले, दाराशी ठेवले, ठोठावलं आणि बाजूला झालो. चहा प्यायलेला दिसला, परोटे तसेच. मी नसीमला फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हटलं, तिला काट्यांपासून वाचवायला गेलो गं.

"बरं," नसीम म्हणाली. "मासा मेला. पोरगी आहे ना अजून तिथं? मग मला काय सांगताय, तिला सांगा."

पहाटे मी तिच्या दारावर गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती, त्यातलं एकही आठवेना. म्हटलं, "झोया, चुकलो. काल चुकलो आणि जूनमध्येही चुकलो. मला घाबरायला झालं होतं, म्हणून तसं बोललो. तू तिथं सगळं नीट करशील हे मला माहीत आहे. काठी धरायला शिकवशील का?"

ती दाराला टेकली. मग म्हणाली, "तुमचे शूज वेट आहेत. घाला. यल्ला, चला."

पाण्यात तिनं माझ्या हातात काठी दिली. मी सवयीनं दोरी दातात धरली. लहानपणी पाग टाकायचो ना, म्हणजे फेकायचं जाळं. त्याची कड दातात धरून फेकतात, नाहीतर जाळं उघडत नाही.

"अब्बा, व्हाय इज इट इन युअर माउथ?"

मी दोरी तोंडात ठेवूनच समजावायला गेलो, आणि ती हसली. पोट धरून हसली. मग माझ्या मागे उभी राहून तिनं माझं मनगट धरलं. "जोर नको. थांबायचं. मागे दोरी सरळ झाली की मगच पुढे. यू रश, अब्बा. यू ऑलवेज रश." मी म्हटलं, खरं आहे.

दोन तास मी तिवरांच्या फांद्या पकडल्या आणि एकदा स्वतःची टोपी. अहो, पंचवीस वर्षं शिडीवर उभं राहून डक्ट बसवतोय, खांदा इतका कधी भरून आला नव्हता. मग कसा कोण जाणे, एक मासा लागला, वीतभरच. जवळ आणला आणि हात आपोआप कल्ल्याकडे निघाले. मी ते थांबवले. तिनं दाखवलं: हात ओले करा, काटे टाळून पोटाखाली धरा, तोंड प्रवाहाकडे. गळ तिनं काढला.

"आता कधी सोडू?"

"तुम्ही नाही सोडायचं. ही विल टेल यू."

मासा माझ्या तळव्यात गार आणि सुस्त पडला होता. कल्ले हलत होते. पन्नास वर्षांत मी हजारो मासे हातात घेतले असतील, पण जिवंत मासा असा कधी धरला नव्हता. मग त्याच्या अंगात एकदम ताकद आली, शेपूट फिरली, आणि हातात नुसतं पाणी राहिलं. मी रडलो, आणि लपवलं नाही. झोयानं ओल्या हातानं माझी पाठ थोपटली, आणि आम्ही भरती कमरेला लागेपर्यंत तिथंच उभे राहिलो.

तिला दुसरा मासा लागला नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

बर्फातला मासा घरी आणला, फेकायचा कसा? नसीमनं तळला. झोयानं दोन तुकड्या खाल्ल्या आणि आईला इंग्रजीत म्हणाली, अब्बांचं कास्टिंग इज टेरिबल. पाणी मागायला मात्र थेट माझ्याकडे बघितलं. मग ताटावरची नजर न काढता म्हणाली, "स्टीलहेड मार्च-एप्रिलमध्ये वर येतात. खूप थंडी असते. तुम्हाला जाड जॅकेट लागेल."

"मला?"

"मग कोणाला?"

मी भातावर आमटी घेतली, परत घेतली, ताट भरलं तरी घेत होतो. नसीमनं पळी काढून घेतली.

ती जानेवारीत एकटीच गेली, आणि नीट पोचली. मागच्या आठवड्यात मी व्हिसाचा फॉर्म भरायला टायपिंग सेंटरवर गेलो. तिथला माणूस म्हणाला, "पर्पज? बेटी से मिलना लिखूँ?"

"वो भी लिखो," मी म्हटलं. "और मछली पकडना."

त्यानं मान वर केली. "उधर का मछली खाने में कैसा है?"

"मालूम नहीं, भाई. खाने का नहीं है," मी म्हटलं. "बेटी ने बुलाया है."