प्लास्टर वजा करून

माझा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा वरचा ओठ दुभंगलेला होता, दोन्ही पावलं आत वळलेली होती आणि उजव्या हाताला सहा बोटं होती. तीन गोष्टी एकत्र आहेत म्हणून डॉक्टरांनी हृदयही तपासायला लावलं. ते नशिबानं ठणठणीत निघालं. करडीला, आमच्या गावी, घरी येताच आमच्या सासूबाईंनी वाटणी करून टाकली. सहावं बोट त्यांच्याकडचं. त्यांच्या सासऱ्यांनाही होतं म्हणे, आणि माणूस मोठा हुशार. ओठ आणि पाय मात्र माझ्या माहेरचे! मी टाके सांभाळत पडून होते, पण राग आलाच.

ओठाचं ऑपरेशन नागपूरला व्हायचं होतं, तेही पाच किलो वजन भरल्यावरच. पोराला ओढता येईना. सासूबाई माझं दूध वाटीत घेऊन चमच्यानं थेंब थेंब पाजत, एकेका वाटीला तासभर. शिवाय दर मंगळवारी भंडाऱ्याला जाऊन पायांचं प्लास्टर बदलायचं.

एकदा अंगणवाडीतल्या लटकत्या काट्याच्या झोळीत पोराला ठेवलं आणि काटा पाचावर गेला. सासूबाईंनी लगेच नागपूरची तयारी जाहीर केली. मी म्हटलं, अहो, प्लास्टर कोण वजा करणार? अंगणवाडीच्या बाईंनी अंदाजे अर्धा किलो कमी धरला. सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत, जणू तो अर्धा किलो मीच खाल्ला होता.

तीन आठवड्यांनी काटा पाच किलो चारशेवर थांबला. बाई पुन्हा अर्धा किलो कमी करायला लागल्या. म्हणजे शंभर ग्रॅमसाठी परत घरी. सासूबाईंनी त्यांचा हात धरला आणि पिशवीतून एक फडकं काढलं. आत गेल्या मंगळवारी पायांवरून उतरवलेलं प्लास्टर होतं, तुकडा न् तुकडा, उन्हात कडक वाळवलेला. सासूबाईंनी ते कधी मागून आणलं, मला पत्ताच नाही. पोराला बाहेर काढून ते झोळीत ठेवलं. भरलं तीनशे ग्रॅम.

बाईंनी पाच किलो शंभर लिहिलं. मला तिथेच रडू फुटलं. सासूबाई पोराला खांद्यावर घेत, माझ्याकडे न बघता म्हणाल्या,

"कायले रडून राहिली व? पाय घे का ओठ घे, सारं आमच्याच घरचं हाय."

माझ्या माहेरासाठी काहीच उरलं नाही.