खांबच्या स्टॉपवरून दिसणारा धूर

नव्वदच्या जूनमध्ये आत्या मला पेणच्या एसटीत बसवायला खांब गावच्या स्टॉपवर आली होती. माझी पत्र्याची पेटी वर चढवून म्हणाली, "जा गो. खिडकीतून मान काढू नको." एवढाच निरोप.

आमच्या कातकरवाडीतून अकरावीला गेलेली मी पहिलीच. शिष्यवृत्ती होती म्हणून वसतिगृहात राहणं, जेवण, पुस्तकं मिळाली. गादीही मिळाली, तिच्यावर बरेच दिवस झोप लागली नाही. पण सुट्टीत वसतिगृह बंद, आणि दिवाळीनंतर वाडीही. सगळी घरं पनवेलकडे वीटभट्टीवर जात, ती पावसाच्या तोंडाला परतत. पहिल्या मे महिन्यात घरी आले तर दारांना काट्यांच्या फांद्या लावलेल्या. मग मीही भट्टीवर गेले, विटा वाहिल्या. जून लागला तरी निघावंसं वाटेना. पेणला माझ्या बोलण्याला पोरी हसत. भट्टीवर कोणी हसत नव्हतं. शेवटी बानेच हाताला धरून बसमध्ये बसवलं.

त्या पावसाळ्यात वाडीची बैठक बसली. बा म्हणाला, "पुन्हा भट्टीवर आली तर पोरगी परत जायची नाय. एक चूल वाडीत राहू द्या." हंगाम कोण सोडणार? माझी विधवा आत्या म्हणाली, "मी राहते. माझा नवरा काय तिकडं वाट बघत नाय." लोक हसले आणि ठरलं. भट्टीवरून येताना प्रत्येक घर तिच्यासाठी तांदूळ आणू लागलं.

मला तिने सांगितलं, "स्टॉपवर उतरलीस की डोंगराकडं बघ. धूर दिसला तर मी हाय. नाय दिसला तरी ये, झोपली असेन."

मी बारावी झाले, डी.एड. केलं, नाशिककडे शिक्षिका झाले. आत्या मात्र थांबतच राहिली, मागून शिकायला गेलेल्या पोरांसाठी. यंदाच्या फेब्रुवारीत ती गेली. माती देऊन वाडी भट्टीवर परतली, मी शाळेत.

तुम्ही भट्टीवरची माणसं आणि माझ्यासारखे बाहेर पडलेले, सगळेच विचारता, आता तुझं घर कुठलं. क्वार्टरला गॅस आहे, नळ आहे. तरी सुट्टी लागताच काल खांबला उतरले आणि सवयीनं वर बघितलं. धूर नव्हता. तरी आले.

आज वाडीतल्या बुधीची मुलगी रोह्याच्या वसतिगृहातून येणार आहे. मी आत्याची चूल पेटवली आहे. मे महिन्याची कोरडी लाकडं, धूर फारसा होत नाही. म्हणून वर थोडा ओला पाला टाकला.