साखरशेतचा डोंगर मी काढतो

जव्हार संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं आणि काही वर्षांनी मीही जव्हारच्या शाळेत ड्रॉइंग मास्तर म्हणून विलीन झालो. (संस्थानाच्या वेळी भाषणं झाली होती म्हणे. माझ्या वेळी शिपायाने खोलीचं कुलूप उघडून दिलं.)

बायको माहेरी, नाशिकला. "तिथे आहे काय?" हा तिचा एकच सवाल. शिमग्याला मेहुणा येणार होता. त्याच्याबरोबर इथलं एक झकास निसर्गचित्र पाठवायचं, ते बघून ती पुढच्याच गाडीने निघेल, असा माझा बेत! (रोज संध्याकाळी स्टोव्हशी गप्पा मारणाऱ्या माणसाला असेच बेत सुचतात.)

रविवारी जवळचं साखरशेत गाव गाठलं. पळस फुलला होता, मोहाखाली फुलांचा सडा होता, भाताच्या रोपांसाठी भाजलेल्या राबांचा धूर शेतांवर रेंगाळत होता. बांधावर तिपाई मांडली, पेन्सिल समोर धरली, एक डोळा मिटला. एक म्हातारा येऊन उभा राहिला.

"काय करतोस रे?"

(इकडे पाड्यांवर सगळ्यांनाच 'तू' म्हणतात. मला मात्र कित्येक महिन्यांत कोणी 'तू' म्हटलं नव्हतं. गहिवरूनच आलं.)

"डोंगर काढतोय, बाबा."

त्याने डोंगराकडे पाहिलं. "सगला?"

"मावेल तेवढा."

"आन् आमचा घर?"

"तेही काढणार. दुपारपर्यंत होईल."

म्हातारा धूम पळाला! केवढी ही कलेची ओढ, असं म्हणत मी घरं, झाडं, विहीर, माणसं, गुरं भराभर रेखाटतोय तोवर तो अख्खा पाडा घेऊन परत आला.

"माझा घर नको काढूस!" एक बाई ओरडली. "पोरांना घेऊन कोठं जावाचा?"

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला.

"अहो, काढतो म्हणजे चित्र काढतो! नुसतं कागदावर!"

"मोजणीवाला पन तसाच बोलला," म्हातारा म्हणाला. "आधी कागदावर काढतात, मंग खरा काढतात."

नव्या कारभाराचं इतकं नेमकं वर्णन मी तालुक्यातल्या एकाही भाषणात ऐकलं नव्हतं. मी रबर काढतो म्हणालो. (तर दोघं तिघं आणखी मागे सरकली!)

बाईचं घर खोडलं. "मोहाचा झाड नको काढूस, आम्ही खावाचा काय?" मोह खोडला. विहीर खोडली. "मानसां तर नकोच काढूस!" माणसं खोडली, पाठोपाठ गुरं खोडली.

"ह्याचा घर काढ ना," एकाने शेजाऱ्याकडे बोट दाखवलं, "पडाय आलाच हाय!"

त्यावरून जुंपली. अखेर सगळ्यांचं एकमत झालं ते टेकाडावरच्या फॉरेस्टच्या चौकीवर.

"ती काढ! मुळासकट काढ!"

मी जीव ओतून काढली. लोक भोवती कोंडाळं करून बसले. बाईने नागलीची भाकर दिली. जव्हारला आल्यापासून इतक्या माणसांत बसून मी जेवलो नव्हतो. फक्त त्यांतलं एकही माणूस चित्रात नव्हतं.

शिमग्याला मेहुणा चित्र घेऊन गेला. पाडव्याला चित्र घेऊनच परत आला.

"भाऊजी, ताई म्हणाली, तिथे सरकारी चौकीशिवाय काहीच नाही. माणूस म्हणून औषधाला नाही. ती येत नाही."

पुढच्या रविवारी पाय आपोआप साखरशेतकडे वळले. म्हातारा वाटच बघत होता.

"चौकी तर अजून उभीच हाय! तुला काढताच येत नाय!"

(हे ड्रॉइंगच्या परीक्षकांनीही म्हटलं होतं, पण इतक्या तळमळीने नव्हे.)

मग तो माझ्याजवळ बसला. "एकलाच फिरतोस. बाईल कोठं तुझी?"

"माहेरी. येत नाही म्हणाली."

त्याने मला आपादमस्तक न्याहाळलं, अगदी एक डोळा मिटून.

"म्हंजे तिनं तुलाच काढला!"

इतकं हुबेहूब मला आजवर कोणी काढलेलं नाही.